भुंकणं थांबेपर्यंत

वहिनी गेली त्या वर्षी दादानं पत्र्याची टिकटिकी आणली. त्याची पोर, शेपूट, तेव्हा भिंत धरून उभी राहायला लागली होती. म्हणून ते वर्ष माझ्या पक्कं लक्षात आहे. घरातलं एक माणूस कमी झालं आणि एक पायांवर उभं राहिलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दृष्टी नसलेल्या माणसांना वाट दाखवणारी कुत्री तयार करायचं एक केंद्र होतं, तिथं तो शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. मी त्याच केंद्रात कुत्र्यांचं खाणं शिजवायचो आणि त्यांच्या खोल्या धुवायचो. शेपूट ही त्याची एकुलती एक मुलगी. मैदानावर दादा जिकडे जाईल तिकडे ही मागोमाग, म्हणून मीच तिला ते नाव दिलं. तिचं खरं नाव फक्त शाळेत चालायचं.

टिकटिकी मुठीत मावेल एवढी होती. अंगठ्यानं दाबली की टिक असा आवाज यायचा. पिल्लाला 'बस' म्हटलं आणि त्यानं बूड टेकवलं की त्याच क्षणी टिक, आणि लगेच मी उकडून वाळवलेल्या काळजाचा एक तुकडा. काही दिवसांनी पिल्लाला तुकड्यापेक्षा टिकचाच आनंद जास्त व्हायचा. नुसता आवाज ऐकून शेपटी हलायची.

पिल्लू चुकलं तर दादा हात उगारायचा नाही, ओरडायचाही नाही. फक्त पाठ फिरवायचा.

"ओरडणं हासुद्धा एक तुकडाच असतो," तो मला सांगायचा. "पिल्लाला वाटतं, चला, मास्तरांनी बघितलं तरी. बघायचंच नाही. मग ते वागणं आपोआप विझतं."

कुत्र्यांना खोलीतून बाहेर काढायचा त्याचा एक नियम होता आणि तो त्यानं माझ्याकडून घोटून घेतला होता. सकाळी आम्ही दिसलो की सगळी भुंकायला लागायची. भुंकणं चालू असताना दार उघडायचं नाही. हात कडीवर ठेवायचा, पण कडी ओढायची नाही. आत शांतता झाली की त्याच क्षणी कडी ओढायची. भुंकत असताना उघडलं तर कुत्रं शिकतं की भुंकल्यानं दार उघडतं. मला कधी कधी घाई व्हायची, पण दादाला कधीच नाही. मान किंचित तिरकी करून, डोळे अर्धे मिटून तो उभा राहायचा, आणि शेवटचं कुत्रं गप्प झालं की त्याचा हात असा झटकन चालायचा की बघत राहावं.

दरवर्षी कॉलेजातले एक प्राध्यापक मानसशास्त्राची मुलं घेऊन दादाचं काम बघायला यायचे. एकदा त्यांच्यातल्या एका मुलीनं विचारलं, "मास्तर, आत्ता या कुत्र्याच्या मनात काय चाललं असेल?"

"मनाचं मला विचारू नका, बाई," दादा म्हणाला. "मन मी बघितलेलं नाही. मी शेपटी बघतो, कान बघतो, पाय कुठं पडतो ते बघतो."

मुलं हसली. प्राध्यापक म्हणाले, "हाच वर्तनवाद. मन ही बंद पेटी समजायची. प्राण्यानं काय केलं आणि केल्यावर त्याला काय मिळालं, एवढंच बघायचं. जे मिळाल्यानं वागणं वाढतं ते प्रबलन. ते मिळायचं थांबलं की शिकलेलं वागणंही बंद पडतं, त्याला म्हणायचं विलोपन. मात्र बंद पडण्याआधी ते वाढतं. दार उघडत नाही म्हटल्यावर आपण आणखी जोरात ठोठावतो ना, तसं."

"आणि सर, विझल्यावर एक गंमत होते," दादा म्हणाला. "बराच काळ काही नसतं. आपल्याला वाटतं, संपलं. आणि एक दिवस ते वागणं आपण होऊन परत येतं. अगदी हलकं येतं, चोरपावलांनी. तेव्हा तुकडा मिळाला तर सगळं पहिल्यासारखं सुरू होतं. नाही मिळाला तर मग मात्र अवघड."

शेपूट तेव्हा खाण्याच्या पोत्यावर बसून बेदाणे खात सगळं ऐकत होती.

तीही टिकटिकीवरच वाढली होती. पहिलं पाऊल टाकलं, टिक आणि एक बेदाणा. बूट ज्या त्या पायात घातले, टिक. पाढा न अडखळता म्हटला, टिक. बाकीच्या पोरांना बाप शाबासकी देतो, गालगुच्चा घेतो. दादाला ते जमायचं नाही. पण टिक करताना त्याचा चेहरा उजळायचा आणि पोरीला तेवढं पुरायचं. मी चाळिशी ओलांडल्यावर पोत्यांवरची अक्षरं वाचायला शिकलो तीही तिच्याचकडून. ती टिकटिकी घेऊन समोर बसायची आणि म्हणायची, "काका, नीट बघ. हा 'भ' आहे. 'म'वर समाधान मानू नकोस." बरोबर आलं की बेदाणा. दादा चुकून हसला तर त्याच्यावरही टिक करायची. "बाबांना हसायला शिकवतेय. हळूहळू जमेल."

ती चुकली की मात्र दादा पाठ फिरवायचा. बशी फोडली, खोटं बोलली, की पाठ. मग ती वळसा घालून त्याच्या समोर जायची. तो पुन्हा वळायचा. ती पुन्हा समोर. लांबून बघणाऱ्याला वाटावं की बापलेक फेर धरून खेळताहेत.

शिक्षण संपल्यावर ती दादाच्या हाताखाली काम करू लागली. कुत्री तिला ओळखायची, तीही त्यांना ओळखायची. आपल्यामागे मैदान तीच सांभाळणार, हे दादानं मनाशी धरलं होतं. बोलला कधीच नाही. आणि एक दिवस तिनं सांगितलं.

आम्ही स्वयंपाकघरात होतो. पातेल्यात काळीज उकळत होतं. दादा स्टुलावर बसून कुत्र्याच्या पट्ट्याला तेल लावत होता.

"बाबा, मी लग्न करतेय. तो पूल बांधायच्या कामावर आहे. जिथं काम निघेल तिथं राहावं लागेल. इथं राहणं नाही जमायचं."

दादानं पट्टा खाली ठेवला. उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"बाबा." ती थांबली. "बाबा, ओरडा ना. एकदा तरी ओरडा. शिव्या घाला हव्या तर. मला चालेल."

दादा हलला नाही.

"काका, तू तरी सांग यांना."

"दादा, अरे पोर बोलतेय," मी म्हणालो.

ती लहानपणासारखी वळसा घालून समोर जायला निघाली. पण दादा भिंतीला इतका चिकटून उभा होता की त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये उभं राहायला जागाच नव्हती. ती थोडा वेळ त्याच्या खांद्याशी थांबली. मग खिशातली टिकटिकी काढून टेबलावर ठेवली आणि सामान भरायला गेली.

दादा दुष्ट होता असं कुणी समजू नये. रागवायचं कसं आणि रडायचं कसं, हे त्याला येतच नव्हतं. त्याला पाठ फिरवता येत होती.

लग्नानंतर दर रविवारी सकाळी केंद्राच्या कचेरीतला फोन वाजायचा. कुत्र्यांची खाणी उरकली की मी मोकळा असतो, हे तिला माहीत होतं.

"काका, काय शिजतंय?"

"दुसरं काय शिजणार? वास येत नाही का तिथवर?"

"येतो रे. इथं चहालाही तोच वास येतो." मग थोडं थांबून म्हणायची, "बाबांना दे."

मी रिसीव्हर पुढे करायचो. दादा पाठ फिरवायचा. ती पलीकडे तशीच वाट बघायची, आणि रिसीव्हर हातात धरून मी मध्ये उभा.

मग फोन वाढले. रविवारच्या जोडीला बुधवार आला. नंतर रोज सकाळी, मग दुपारीही. एकदा तर तिनं ठेवला आणि लगेच पुन्हा केला. मला प्राध्यापकांचं ते ठोठावणं आठवलं.

"दादा, एक शब्द बोल," मी म्हणालो.

"गेलीय ना ती? जाण्याला तुकडा द्यायचा नसतो."

"अरे, जातेय कुठं? फोन करतेय म्हणजे येतेच आहे की! तू तिचं येणं विझवतोयस."

दादानं माझ्याकडे बघितलं. पण मैदानावर कुणीतरी मास्तर म्हणून हाक मारली आणि तो निघून गेला.

फोन कमी झाले. रविवार उरला. मग एखादाच रविवार. शेवटच्या फोनवर ती म्हणाली, "काका, आम्ही परवा इथून हलतोय. नव्या ठिकाणी फोन असेल की नाही, माहीत नाही."

"मग नंबर कळव की."

"बघते." आवाज अगदी शांत होता. "तुझ्याशी बोलायला आवडतं रे मला. पण या फोनमधून बाबांची पाठ दिसते."

पुढच्या रविवारी दादा खाणी उरकायच्या वेळी आपण होऊन कचेरीत आला. उभा राहिला. फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही आला.

"विझलं," तो म्हणाला. एखाद्या खोडीच्या कुत्र्यानं खोड सोडली की तो हाच शब्द म्हणायचा आणि हात झटकायचा. त्या दिवशी त्यानं हात झटकले नाहीत. खाण्याच्या डब्यावर बसला आणि उशिरानं म्हणाला, "मी भलतंच विझवलं रे, धाकट्या."

आम्ही तिला शोधलं नाही असं नाही. पुलाच्या कंपनीत चौकशी केली. तिथला कारकून म्हणाला, ते काम कधीच संपलं, माणसं दुसऱ्या कंपनीकडे गेली, कुठं ते आम्हाला काय ठाऊक. पोरीनं दिलेला जुना पत्ता होता, तिथून टपाल परत आलं. आमच्याकडून तिच्यापर्यंत जायला वाट उरली नव्हती. वाट होती ती फक्त तिच्याकडून आमच्याकडे, त्या फोनमधून.

म्हणून दादानं तो फोन धरून ठेवला. पुढं तो निवृत्त झाला. केंद्राची नवी कचेरी मैदानापलीकडे झाली, तिला नवा नंबर आला. जुनी कचेरी आणि मागची खोली आम्हा दोघांना राहायला मिळाली. जुना फोन काढायला माणूस आला तेव्हा दादा दारात आडवा उभा राहिला. त्या नंबरवर आता दुसरं कुणीच फोन करत नव्हतं.

"एकदा येईल," तो म्हणायचा. "विझलेलं एकदा परत येतंच. हलकं येतं. तेवढं चुकवायचं नाही."

आणि तो खुर्ची टाकून फोनशेजारी बसायचा. वर्षं गेली. लग्नाच्या वेळी त्याच्या केसांत थोडा काळा रंग उरला होता, तोही गेला.

एका दुपारी मी मागच्या अंगणात पातेलं घासत होतो आणि फोन वाजला.

मी हातातलं सगळं टाकून धावलो. दारातून बघतो तर दादा खुर्चीत ताठ बसलेला. हात रिसीव्हरवर. मान किंचित तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. फोन वाजतोय, वाजतोय, आणि त्याचा हात जागचा हलत नाही.

"दादा, उचल!" मी ओरडलो. "अरे, उचल ना!"

त्याला मी ऐकूच गेलो नाही. तो शांततेची वाट बघत होता. घंटा थांबली, आणि मी पोचायच्या आत, त्याच क्षणी, त्याचा हात झटकन चालला. कडी ओढावी तसा.

"हॅलो," दादा म्हणाला.

आत नुसती लाइनची घूं चालली होती.

त्यानं रिसीव्हर बराच वेळ कानाशी धरला. मग जागेवर ठेवला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"भुंकणं थांबायची वाट बघत होता हा," तो हाताबद्दल म्हणाला. "जन्मभर एवढंच शिकलाय."

मला वाटलं आता हा खचणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कपाटातून टिकटिकी काढली, पुसली आणि माझ्यापुढे ठेवली.

"बेदाणे आहेत का घरात?"

"कशाला?"

"मला शिकव."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तेव्हा केंद्राची कुत्री तपासत. त्यांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. दादानं त्यांना गाठलं.

"बाई, दिवसातून केव्हाही आमच्या जुन्या नंबरवर फोन करायचा. वेळ ठरवायची नाही. मला अंदाज येता कामा नये."

"आणि फोनवर बोलू काय, मास्तर?"

"काही नाही. घंटा वाजली पाहिजे, एवढंच."

"बिलात काय लिहू? रुग्ण म्हातारा, तक्रार काय, तर फोन उचलत नाही?"

"लिहा. जात कुठली लिहाल?"

"हट्टी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि तोंड फिरवून चष्मा पुसू लागल्या.

असे आम्ही दोघं म्हातारे शिकवणीला बसलो. फोन वाजायचा. दादाचा हात रिसीव्हरवर जायचा आणि तिथंच थिजायचा. मी वाट बघायचो. घंटा वाजत असताना बोटं जरा जरी आवळली, तर टिक आणि बेदाणा. नंतर रिसीव्हर थोडा उचलला गेला तरच. मग पुरता उचलला तर.

"उशिरा टिक केलंस," तो मला झापायचा. "मी खाली ठेवल्यावर केलंस. अशानं मी ठेवायला शिकेन. तुझं लक्ष कुठंय?"

"तुझ्या टकलाकडे. चमकतंय."

"त्याला बेदाणा देऊ नकोस म्हणजे झालं."

हसायचा तो. मी त्याच्या हसण्यावरही एकदा टिक केलं. टिकटिकी माझ्या हातातून घेऊन थोडा वेळ मुठीत धरून बसला.

हळूहळू हात सुटला. घंटा सुरू झाली रे झाली की रिसीव्हर कानाला. पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "पास!" आणि ठेवून द्यायच्या.

"पण बोलणार काय?" मी एकदा विचारलं. "नुसता उचलून काय उपयोग? ती बोलेल, तेव्हा?"

"शेपूट म्हणेन," तो म्हणाला. "आधी तिनं बोलायची वाट नाही बघायची. उचलला की मीच म्हणायचं."

मग त्याचाही सराव झाला. फोन वाजला की रिसीव्हर वर आणि "शेपूट!" डॉक्टरीणबाई ऐकायच्या आणि काही न बोलता ठेवून द्यायच्या. त्या पास म्हणायच्या बंद झाल्या ते तेव्हापासून.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः केंद्रात आल्या होत्या, एका कुत्रीच्या बाळंतपणासाठी. आमच्या दारावरून जाताना त्यांनी आम्हाला हात केला. त्या मैदान ओलांडून पलीकडे पोचतात न पोचतात तोच आमचा फोन वाजला.

डॉक्टरीणबाई तर समोर दिसत होत्या. मी दादाकडे बघितलं. त्यानंही खिडकीतून त्यांना बघितलं होतं. पहिली घंटा पुरती व्हायच्या आत त्यानं रिसीव्हर उचलला. हात जराही अडला नाही.

"शेपूट!"

माझा अंगठा आपोआप दाबला गेला. टिक. मी बेदाणा पुढे केला. टिकटिकीच्या पहिल्या वर्षी, पोरीनं भिंत सोडली तेव्हा दादाचा चेहरा जसा झाला होता, तसाच झाला होता.

मग तो ऐकत राहिला.

"हं," म्हणाला. थोड्या वेळानं, "कधी?" आणि मग पुन्हा, "हं."

बेदाणा माझ्या तळहातावर तसाच होता. दादानं तो घेतला, तोंडात घातला नाही, मुठीत धरला. रिसीव्हर माझ्याकडे दिला. मला वाटलं आता हा भिंतीकडे वळणार. पण त्यानं पाठ फिरवली नाही. माझ्याकडे तोंड करून तसाच उभा राहिला आणि त्याला रडता येत होतं.

फोनवर जावई होता. त्याला नीट बोलता येत नव्हतं, तुटक तुटक सांगत होता. तिच्या पोटात गाठ निघाली होती. पहिल्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं आम्हाला फोन केला होता. लाइन आपोआप तुटेपर्यंत वाजू दिला.

"मग काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, बाबा मैदानावर असतील, पिल्लांबरोबर. हसली. बरं वाटलं की पुन्हा करू, म्हणाली." तो थांबला. "काका, मी 'हॅलो' म्हणायच्या आधीच बाबांनी तिला हाक मारली. त्यांना कसं कळलं, फोन आमच्या घरचा आहे ते?"

मी म्हटलं, "तिच्याच फोनची वाट बघत होते."

शेपूट, माझ्या दादाची एकुलती एक मुलगी, मार्च महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पहाटे इस्पितळात वारली. तिच्या आईला जाऊन तेव्हा चौतीस वर्षं झाली होती.